ब्रेतॉन गाणं हार्पवर बसवण्याआधी

पहिले दोन-तीन दिवस हार्पला हात लावू नका. गाणं तोंडपाठ करा, मोठ्याने म्हणा. ब्रेतॉन म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं, आणि तिथे हार्प कित्येक शतकं गप्प होती. जॉर्ड कोशव्हेलू यांनी १९५३ मध्ये नवी घडवली, ती त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाने हाती घेतली, आणि तोच पुढे हार्पवादक आलाँ स्तिव्हेल म्हणून गाजला. मधल्या काळात ही गाणी गळ्यानेच जपली. त्यामुळे कुठे श्वास घ्यायचा, कुठे रेंगाळायचं, हे गळ्यालाच विचारायला हवं. ‘त्री मार्तोलोद’ घेतलं असेल (तीन तरुण खलाशी, वाऱ्याने न्यूफाउंडलंडपर्यंत नेलेले), तर ‘मार्तोलोद’मधल्या ‘तो’वर जोर द्या. ब्रेतॉन भाषेत जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. ब्रिटनीतल्याच व्हान शहराच्या बाजूला मात्र शेवटच्या. बोटांचा जोरही तिथेच पडला पाहिजे.

मग तारा जुळवा. लाल तारा सी, काळ्या किंवा निळ्या एफ, ही खूण डोळ्यांत बसू द्या. सगळे लेव्हर (तारांच्या वरच्या टोकाजवळचे, स्वर चढवणारे छोटे खटके) खाली ठेवून ई फ्लॅट मेजरमध्ये जुळवा, नंतर बी, ई आणि ए यांचे लेव्हर वर करा. आता डीला षड्ज माना: गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे आपला काफी थाट! बऱ्याच ब्रेतॉन चाली याच स्वरांत आहेत, आपल्या कानाला त्या परक्या वाटत नाहीत. वर केलेला प्रत्येक लेव्हर वाजवून पाहा. स्वर नेमका अर्ध्या स्वराने चढला पाहिजे. लेव्हर डाव्या बाजूला असतात, म्हणून गाण्यात मध्येच एखादा बदलायचा असेल तर डाव्या हाताला तिथे मोकळी जागा ठेवा.

नायलॉनच्या किंवा आतड्याच्या तारा असतील तर नखं कापा. जादा तारा आणि जुळवायची किल्ली पिशवीत असू द्या.

डाव्या हाताचं काम आधीच ठरवा, आणि कमी ठरवा. नुसता षड्ज-पंचम धरला तरी बिनियूच्या, म्हणजे तिथल्या मशकवाद्याच्या, अखंड स्वराची आठवण होते. भरगच्च कॉर्डनी चाल बुडते, हे मला मनापासून खटकतं. ‘कान हा दिस्कान’ या दोघांनी गायच्या तिथल्या पद्धतीत पहिल्या गायकाची ओळ संपता संपता दुसरा शेवटची अक्षरं सोबत धरतो आणि तीच ओळ पुढे म्हणतो. दोन हातांत हेच करून पाहा, पण ओळींमध्ये फट पडू देऊ नका.

गाणं नाचाचं असेल, समजा आन द्रो, तर उठून पावलं टाका. त्यात माणसं करंगळ्या गुंफून साखळी करतात. हार्पवर न वापरलेली करंगळी इथे कामाला येते. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) बंद करा, कुणाला तरी समोर चालायला लावा आणि वाजवा. त्यांचं पाऊल जिथे अडखळेल, तिथले दोन स्वर काढून टाका.