मृग लागायच्या आत दोन्ही फोन सर्व्हरचे डेटाबेस जुळवून ठेवा

खानापूरकडं एकदा पाऊस लागला की लाईट आणि फायबर दोन्हीचा भरवसा संपला, म्हणून ज्यांचा एक ॲस्टेरिस्क सर्व्हर (ऑफिसचं फोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर असतंय तो) बेळगावच्या उद्यमबागेत आणि दुसरा निपाणीच्या नाहीतर खानापूरच्या ऑफिसात आहे त्यांनी मे महिन्यातच खालचं सगळं एकदा तपासून घ्या. दुसरा सर्व्हर नुसता चालू असून काय उपयोग, त्याच्यात काल नव्यानं दिलेलं एक्स्टेंशन (ऑफिसातला आतला नंबर) आणि काल बदललेला पासवर्ड पण पाहिजे ना.

पहिलं काम, कुठला डेटा कुठं बसलाय ते कागदावर काढा. फ्रीपीबीएक्स (ॲस्टेरिस्क सांभाळायचं वेब पॅनेल) असेल तर सेटिंग मारियाडीबी या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये 'ॲस्टेरिस्क' नावाच्या डेटाबेसात असतंय आणि कॉलचा हिशोब 'ॲस्टेरिस्कसीडीआरडीबी'त, या दोन्हींचं रेप्लिकेशन (इकडचा बदल आपोआप तिकडं जाणं) लावलं की बरेच जण हात झटकून मोकळे होतात. पण कॉल फॉरवर्ड, डू नॉट डिस्टर्ब असल्या गोष्टी ॲस्टेरिस्कच्या स्वतःच्या ॲस्टडीबीत राहतात, ती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची वेगळी फाइल आहे, मारियाडीबीचं रेप्लिकेशन तिला हात पण लावत नाही. ती चालू असताना सरळ कॉपी मारू नका, एसक्यूलाइटच्या बॅकअप कमांडनं काढा आणि तिकडं ॲस्टेरिस्क बंद करूनच ठेवा. व्हॉइसमेल, कॉल रेकॉर्डिंग, आणि आपल्याकडं हमखास असणारं ते "मराठीसाठी एक दाबा, कन्नडसाठी दोन दाबा", हे सगळे आवाज पण फायलीच, त्यामुळं आरसिंक (फायली जुळवणारी कमांड) लावल्याशिवाय पलीकडं जात नाहीत आणि ऐन वेळी गिऱ्हाइकाला मेनूच ऐकू येत नाही. डेटाबेसचा कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) दोन्हीकडं यूटीएफएटएमबीफोर आहे का तेवढं बघा, नाहीतर मराठी कन्नड नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

आता कोण लिहिणार ते ठरवा. माझं मत विचाराल तर मास्टर-मास्टरच्या (दोन्ही सर्व्हरवर बदल लिहायच्या) नादाला लागूच नका. ऑटो-इन्क्रिमेंटला (आपोआप वाढणाऱ्या आयडीला) एकीकडं विषम एकीकडं सम नंबर दिले की आयडीची टक्कर टळते हे खरं, पण तेच एक्स्टेंशन दोघांनी दोन ठिकाणी बदललं तर त्याला काहीच इलाज नाही. बदल करायचे ते बेळगावच्याच पॅनेलवर, निपाणीचं पॅनेल फायरवॉलनं बंद. गॅलेरा (सगळ्या सर्व्हरवर एकदम लिहिणारं मारियाडीबीचं क्लस्टर) पाहिजेच असेल तर तिसरा नोड (सर्व्हर) नाहीतर निदान आर्बिट्रेटर (डेटा न ठेवता नुसतं मत देणारा) तिसऱ्या जागी लागतोय, दोनच असले आणि मधली लाइन तुटली की बहुमत कुणाकडंच नाही, दोन्ही हात वर करून बसतात.

सर्व्हर आयडी दोन्हीचे वेगळे, बिनलॉग (मास्टर म्हणजे ज्याच्यावर बदल होतात त्या सर्व्हरची बदलांची नोंदवही) रो फॉरमॅटमध्ये, आणि बिनलॉग किती दिवस ठेवताय ते लाइन जास्तीत जास्त किती दिवस तुटून पडते त्याच्यापेक्षा जास्त, नाहीतर रेप्लिका (नक्कल घेणारा सर्व्हर) परत पहिल्यापासून उभी करायची वेळ येते. रेप्लिकावरच्या मारियाडीबीची आवृत्ती मास्टरपेक्षा जुनी नको. फ्रीपीबीएक्सचे मॉड्यूल पण दोन्हीकडं एकाच आवृत्तीचे ठेवा, कारण अपग्रेडमध्ये टेबलांची रचनाच बदलते. मारियाडीबीचा ३३०६ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही म्हणजे नाही, वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन) टाका. घड्याळं क्रोनी या प्रोग्रॅमनं जुळवा. ॲस्टेरिस्कच्या कॉन्फिगमध्ये सिस्टमनेम वेगवेगळं द्या, म्हणजे प्रत्येक कॉलच्या युनिक आयडीच्या पुढं ते लागतंय आणि कुठला कॉल कुठल्या सर्व्हरवर झाला ते नंतर शोधत बसायला लागत नाही.

एक गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. डेटाबेसात बदल पोचला म्हणून तो फोनला लागू होत नाही, कारण ॲस्टेरिस्क वाचतो त्या कॉन्फ (सेटिंगच्या) फायली, आणि त्या तयार होतात रिलोड केल्यावर, म्हणून निपाणीच्या बाजूला रिलोड ठरावीक वेळानं आपोआप होईल असं लावा. आणि उलटं पण बघा, बेळगावचा पब्लिक आयपी नॅटच्या (राउटरमागचे पत्ते बदलायच्या) सेटिंगमधून तसाच निपाणीत गेला तर कॉल लागतोय पण आवाज येत नाही, तेवढं टेबल रेप्लिकेशनमधून वगळा.

'सेकंड्स बिहाइंड मास्टर' (रेप्लिका मास्टरच्या किती सेकंद मागं) शून्य दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. नेटवर्कच मंद असलं की डेटा पोचायच्या आधी पण तिथं शून्य दिसू शकतंय, म्हणून पर्कोनाचं हार्टबीट (खरा उशीर मोजणारं टूल) लावा, आणि महिन्यातून एकदा चेकसम (दोन्हीकडचा डेटा सारखाच आहे का त्याची पडताळणी). रोज रात्रीचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) वेगळा पाहिजेच, रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे, इकडं टेबल उडालं की क्षणात तिकडं पण उडतंय.

बेळगावचा सर्व्हर बंद करून दुसऱ्यावर जायची रंगीत तालीम रविवारी दुपारी घ्या. कीपअलाइव्हडीचा व्हर्च्युअल आयपी (एक सर्व्हर पडला की दुसऱ्यावर जाणारा पत्ता) एकाच लॅनमध्ये चालतोय, बेळगाव-निपाणी असेल तर फोनमध्येच बॅकअप सर्व्हर भरा किंवा डीएनएसचे एसआरव्ही रेकॉर्ड (आधी कुठला सर्व्हर, नंतर कुठला ते सांगणारे) वापरा. फोनच्या सर्व्हरवरच्या रजिस्ट्रेशनची (नोंदणीची) मुदत ३६०० सेकंद असेल तर कमी करा, नाहीतर फोन तासभर जुन्याच सर्व्हरची वाट बघत बसतील. ट्रंक (फोन कंपनीकडची बाहेरची लाइन) एका वेळी एकाच सर्व्हरवर रजिस्टर, दोन्हीवर झाला की येणारा कॉल कुठं जाईल सांगता येत नाही. चालू कॉल तुटणारच, ते स्टाफला आधी सांगून ठेवा. परत बेळगाववर येताना मधल्या काळात जो सर्व्हर चालला त्याचाच डेटा खरा धरा, त्याचा डंप घेऊन दुसरा नव्यानं भरा आणि मगच रेप्लिकेशन सुरू करा.

आणि रॅकवर मराठीत आणि कन्नडात एक कागद चिकटवा, कुणाला फोन करायचा तो. मोबाइल नंबर लिहा, एक्स्टेंशन नको.