वाचनातून शब्दसंग्रह वाढवताना या चुका टाळा

समानार्थी शब्दांची यादी पाठ केली की लेखन समृद्ध होते, हा समज स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांनी इतका रुजवला आहे की हस्तलिखिते तपासणाऱ्याला त्याचे परिणाम सतत निस्तरावे लागतात. एका दिवाळी अंकासाठी आलेल्या लेखात नवोदित लेखकाने ‘पाणी’ हा शब्द वारंवार येतो म्हणून कुठे ‘नीर’, कुठे ‘सलिल’, तर कुठे ‘उदक’ योजले होते. विहिरीवरचा पंप दुरुस्त होताच ‘आजोबांनी शेतावर उदक सोडले’, असे त्याने लिहिले. एखाद्या गोष्टीवर उदक सोडणे म्हणजे तिच्यावरचा हक्क कायमचा सोडणे. त्यामुळे आजोबांनी जमीन दान केली असे वाचकाला वाटावे, आणि पुढच्याच परिच्छेदात तेच आजोबा त्याच शेतातून कांदा काढताना दिसावेत, असा तो प्रकार होता. ‘शेताला पाणी सोडणे’ आणि ‘शेतावर पाणी सोडणे’ यांतही हाच भेद आहे, आणि तो केवळ शेताला जोडलेल्या ‘ला’ आणि ‘वर’ यांनी होतो. ‘कोशात उदक म्हणजे पाणीच दिले आहे,’ असे लेखकाचे म्हणणे होते. ते खरेच होते. मात्र त्याने पहिला अर्थ पाहून कोश मिटला होता.

म्हणून मी वहीत सुटा शब्द कधीच उतरवत नाही. ज्या वाक्यात तो भेटला ते संपूर्ण वाक्य, त्यातील विभक्ती आणि क्रियापदासह लिहितो, आणि तोच शब्द दुसऱ्या एखाद्या लेखकाकडे पुन्हा भेटेपर्यंत स्वतःच्या लेखनात वापरत नाही. नवा शब्द त्याच दिवशी खपवण्याची घाई मला असभ्य वाटते. शंका आल्यास दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला महाराष्ट्र शब्दकोश उघडावा, कारण त्यात अर्थासोबत वाक्प्रचार आणि जुन्या ग्रंथांतील प्रयोगही सापडतात. तो आता संगणकावरही पाहता येतो, तरीही अनेकांना भ्रमणध्वनीवरचा एका शब्दाचा अर्थच पुरेसा वाटतो.

प्रत्येक अनोळखी शब्दाशी थांबून वाचू नये. पान संपवावे, मग मागे यावे.

केवळ वृत्तपत्रे वाचणाऱ्याच्या लेखणीला ‘करण्यात आले’ची सवय लागते आणि वाक्यातला कर्ता नाहीसा होतो.

केवळ कथा-कादंबऱ्या वाचणे ही याहून सभ्य, पण तितकीच नडणारी चूक आहे. नेमके शब्द बहुधा कामाच्या जागी घडतात, आणि ज्याने शेतीविषयी काही वाचलेलेच नाही तो ‘शेतात काम चालू होते’ यापलीकडे जात नाही. बैलांच्या मागे कोळपे चालले असेल तर ती कोळपणी, खुरप्याने तण काढले जात असेल तर ती खुरपणी, आणि मळलेले धान्य वाऱ्यावर धरले असेल तर ती उफणणी. यांपैकी एक शब्द योग्य जागी पडला की ऋतू, अवजार आणि पिकाची अवस्था वेगळी सांगावी लागत नाही. कृषिविषयक पुस्तिका, पाककृती, जुनी आत्मचरित्रे, किल्ल्यांची वर्णने असे सारे आलटून पालटून वाचावे, आणि त्यात समजले नाही ते ते काम करणाऱ्यालाच विचारावे. कोशापेक्षा तो अधिक अचूक उत्तर देतो, शिवाय कोणता शब्द आपल्या भागात कोणी बोलत नाही हेही सांगतो.