अमिगा १२०० वर ॲक्सिलरेटर कार्ड बसवताना या चुका टाळा

ॲक्सिलरेटर म्हणजे वेगवान प्रोसेसरचं कार्ड बसवलं, वर्कबेंच म्हणजे अमिगाचा डेस्कटॉप उघडला, आणि अर्ध्या तासात पडद्यावर 'सॉफ्टवेअर फेल्युअर'ची लाल चौकट. यानंतर बहुतेक जण कार्ड खराब निघालं म्हणून मोकळे होतात. पण अशा तक्रारींत कार्ड सहसा धडधाकट असतं. दोष असतो विजेत, कनेक्टरमध्ये, नाहीतर एकाच संध्याकाळी चार गोष्टी बदलण्याच्या घाईत.

अमिगा १२०० हा १९९२ सालचा घरगुती संगणक. आत ६८ईसी०२० प्रोसेसर, वेग साधारण १४ मेगाहर्ट्झ, आणि २ एमबी चिप रॅम, म्हणजे चित्र-आवाजाच्या चिपांसोबत वाटून घ्यायची रॅम. पोटाखालच्या झाकणाआड १५० पिनांचा कनेक्टर आहे, त्यावर ६८०३०, ६८०४० किंवा ६८०६० चं कार्ड बसतं. मूळ रचना २ एमबी रॅम आणि एक फ्लॉपी एवढ्या हिशेबानेच केलेली होती. पुढे जे काही लिहिलं आहे, त्याचं मूळ या एका गोष्टीत आहे.

पाच व्होल्ट न मोजता कार्ड बसवणं

सगळ्यात जास्त मशीन या चुकीने अडतात, म्हणून यावर सविस्तर. १२०० सोबत मिळणारा मूळ पॉवर सप्लाय ५ व्होल्टवर ३ अँपिअर देतो. त्यात मदरबोर्ड, फ्लॉपी, हार्डडिस्क किंवा सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्ड यांची गरज भागते. वर ५० मेगाहर्ट्झचा ६८०३०, एफपीयू (दशांश गणिताची चिप) आणि रॅमची पट्टी आली की हिशेब काठावर येतो. अमिगा ५०० चा जुना जड सप्लाय चार अँपिअरच्या वर देतो आणि त्याचा प्लगही हाच, म्हणून जाणकार तो जपून ठेवतात. पण सप्लायच्या लेबलवरचा आकडा वाचून समाधान मानू नका. कार्डापर्यंत किती व्होल्ट पोचतात ते बघा.

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका मशीनचं प्रकरण पूर्ण सांगण्यासारखं आहे. कार्ड ६८०३०, ५० मेगाहर्ट्झ, ३२ एमबी रॅम, सोबत ६८८८२ एफपीयू. सप्लाय नवा, लेबलवर ५ अँपिअर. सकाळी मशीन तासन्‌तास चालायचं, दुपारी दोनच्या सुमारास फ्लॉपी फिरली की अडकायचं. दर वेळी लाल चौकटीतला कोड वेगळा: कधी ८००००००३, कधी ८००००००४, कधी ८००००००बी. मालकाने रॅमची पट्टी दोनदा बदलली, किकस्टार्टच्या (अमिगाची मूळ सिस्टिम असलेल्या) चिपा बदलल्या, वर्कबेंच नव्याने टाकलं. फरक शून्य.

सप्लायच्या प्लगवर, मशीन न जोडता, मीटर ५.०८ व्होल्ट दाखवत होतं, म्हणून सप्लायवर कोणाचा संशयच गेला नाही. मग मशीन चालू ठेवून आतल्या फ्लॉपीच्या चार पिनी पॉवर कनेक्टरवर मीटर लावलं. मशीन नुसतं उभं असताना ४.८३, फ्लॉपीची मोटर फिरताच ४.७२. या चिपांना ५ व्होल्टच्या पाच टक्के खाली-वर चालतं, म्हणजे खालची हद्द ४.७५. सप्लायची तार लांब आणि बारीक होती, प्लगच्या पिना काळवंडलेल्या होत्या. दोन्ही मिळून रोध जेमतेम ०.१ ओहम. पण अडीच अँपिअरला तेवढ्यानेच पाव व्होल्ट खाल्ला जातो, आणि मोटर सुरू होताना साडेतीन अँपिअरच्या वर गेलं की एक तृतीयांश व्होल्टाहून जास्त. दुपारीच का, तर तापलेली चिप संथ होते आणि कमी व्होल्टलाही संथ होते. सकाळी एकच अडचण होती, दुपारी दोन एकत्र यायच्या.

दर वेळी वेगळा कोड ही मोठी खूण आहे. सॉफ्टवेअरची चूक बहुधा एकाच ठिकाणी, एकाच कोडने पडते. कोड रोज बदलत असेल तर आधी वीज, मग कनेक्टर, मग रॅम, हा क्रम धरा.

उपाय साधा होता. तार १८ गेजची, शक्य तितकी आखूड, आणि प्लग नवा. त्यानंतर त्याच जागी ५.०२, आणि फ्लॉपी फिरताना ४.९५. बदललेल्या रॅमच्या सगळ्या पट्ट्या नंतर ठीक निघाल्या, म्हणजे तो खर्च फुकट गेला. नागपुरात बर्डीवर साधा डिजिटल मीटर सहज मिळतो. कार्ड घ्यायच्या आधी तो घ्या. आणि सप्लायमधला स्क्रू फिरवून व्होल्टेज चढवायचा सोपा मार्ग अजिबात नको: फ्लॉपी थांबली की तेच व्होल्टेज ५.२५ च्या वर जाईल आणि जुन्या चिपा जातील.

कार्ड दाबून बसवणं

झाकण काढून, मशीन उलटं करून, अंगठ्याने कार्ड रेटणारे खूप आहेत. मदरबोर्ड वाकतो. वरची कवच-पेटी आणि कीबोर्ड काढा, एका हाताने मदरबोर्डला आधार द्या आणि कार्ड न डोलवता सरळ रेषेत सरकवा. काही कार्डं पूर्ण टेकवली की काळा पडदा देतात आणि मिलिमीटरभर मागे घेतली की चालतात, तेव्हा पहिल्या अपयशाला घाबरू नका. मदरबोर्डच्या कडेवरचे पट्टे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणारे धागे असलेल्या कापडाने पुसा. शाईचा खरखरीत खोडरबर नको, सोन्याचा मुलामा निघतो.

एप्रिल-मेमध्ये नागपुरात दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली उतरते आणि अंगावर स्थिर वीज साठते. त्या दिवसांत नायलॉनचा शर्ट घालून चिपा हाताळू नका. अर्थिंग असलेल्या धातूला हात लावून मगच कार्ड पिशवीतून काढा.

उष्णतेचा विचार न करणं

कार्ड मशीनच्या पोटात, टेबलाला लागून असतं. तिथे हवा फिरत नाही. बाहेर ४५ अंश आणि खोलीत ३८, तर त्या खाचेत पन्नाशी सहज ओलांडली जाते. मशीनखाली दोन सेंटिमीटरचे रबरी पाय लावा आणि झाकण उघडं ठेवा. ६८०४० ला हीटसिंक आणि पंखा दोन्ही हवेत, ही चिप या घराण्यातली सगळ्यात तापट. त्यामानाने ६८०६० थंड, पण तिला ३.३ व्होल्ट लागतात. ६८०४० च्या सॉकेटमध्ये मधला रेग्युलेटर न लावता ती बसवली तर ती लगेच जाते.

मशीन कूलरच्या झोतात ठेवू नका. ती हवा दमट असते, आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार पांढऱ्या भुकटीसारखा कनेक्टरवर बसतो. कूलर आणि मशीन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर तर नकोतच. नवतपात ६८०३० चा क्रिस्टल बदलून ५० चं ६० मेगाहर्ट्झ करायचा हट्ट सोडा. थंडीत हौस भागवा.

गळके कपॅसिटर तसेच ठेवणं

१२०० च्या मदरबोर्डवरचे छोटे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर गळतात. आवाज क्षीण होणं ही पहिली खूण, सोल्डरिंग आयर्न लावल्यावर मासळीसारखा वास ही दुसरी. ते बदलल्याशिवाय कार्डाला हात लावू नका. रिव्हिजन १डी.४ च्या बोर्डवर कार्ड अधूनमधून अडत असेल तर ई१२३सी आणि ई१२५सी हे दोन बारीक कपॅसिटर काढावे लागतात. हे काम गरम हवेच्या यंत्राने, हात बसलेल्या माणसाकडून करून घ्या.

८ एमबी आणि पीसीएमसीआयए एकत्र

स्वस्तातल्या ८ एमबीच्या कार्डांवर ही तक्रार हमखास येते. २४ बिटांच्या पत्त्यांमध्ये वाढीव रॅमसाठी ८ एमबीचीच जागा आहे, आणि तिचा वरचा ४ एमबीचा भाग १२०० च्या बाजूचा, कार्ड लावायचा पीसीएमसीआयए खाचा वापरतो. रॅम तिथे पोचली की बाजूला लावलेलं सीएफ कार्ड दिसेनासं होतं किंवा मशीन अडकतं. कार्डावरचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) ४ एमबीवर लावा. ३२ बिटांच्या पत्त्यात रॅम देणाऱ्या ६८०३० आणि पुढच्या कार्डांना हा प्रश्न येत नाही.

लायब्ररीच्या आधी कार्ड

६८०४० आणि ६८०६० साठी ही दुसरी मोठी चूक. या प्रोसेसरांत जुन्या एफपीयूच्या काही सूचना चिपमध्येच नाहीत, त्या सॉफ्टवेअरने भरून काढाव्या लागतात. ते काम ६८०४०.लायब्ररी आणि ६८०६०.लायब्ररी करतात. स्टार्टअप-सीक्वेन्सच्या (मशीन सुरू होताना चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलच्या) पहिल्या ओळीतली सेटपॅच ही आज्ञा त्यांना लिब्स या फोल्डरमधून उचलते. फाइल नसेल तर ८००००००बी चा कोड हमखास येतो.

म्हणून क्रम असा. जुन्या प्रोसेसरवर मशीन चालू असताना, कार्डासोबत आलेल्या लायब्ररी लिब्समध्ये टाका. सेटपॅच पहिल्याच ओळीत आहे का बघा. मशीन बंद करा, मग कार्ड बसवा. एका कंपनीच्या कार्डाला दुसऱ्या कंपनीची ६८०६०.लायब्ररी लावू नका, ती स्वतःच्या हार्डवेअरवर विसंबून असते. दुसऱ्याचा स्टार्टअप-सीक्वेन्स जसाच्या तसा उतरवून घेणं हा आणखी एक घातक शॉर्टकट. त्यात त्याच्या कार्डाच्या आज्ञा असतात, तुमच्या नाहीत.

बूट अडलं तर रीसेटच्या वेळी माउसची दोन्ही बटणं दाबून ठेवा आणि स्टार्टअप-सीक्वेन्सशिवाय बूट करा. मग एकेक ओळ हाताने टाइप करा. जिथे अडेल, ती ओळ दोषी. यात अर्धा तास जातो, पण अंदाजाने चार दिवस घालवण्यापेक्षा हा बरा.

मॅपरॉम अगदी शेवटी सुरू करा. तो ५१२ केबीचं किकस्टार्ट वेगवान रॅममध्ये उतरवतो. रॅम सदोष असेल तर मग ऑपरेटिंग सिस्टिमच कोसळते आणि खरा दोष दिसत नाही. आधी ॲव्हेल आज्ञेने रॅमचा आकडा बघा, मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा, मग मॅपरॉम.

थोडक्यात उरलेलं

रॅमच्या ६० आणि ७० नॅनोसेकंदाच्या पट्ट्यांसाठी जंपर वेगळा असेल, तर संशय असल्यास संथ बाजूला लावा. दोन्ही बाजूंनी चिपा असलेली पट्टी काही कार्डांवर झाकणात मावत नाही, घेण्याआधी विचारा.

कार्ड लावल्यावर मोठ्या फाइली बिघडत असतील तर एचडीटूलबॉक्समध्ये मॅक्सट्रान्सफर (एका वेळी किती डेटा हलवायचा तो आकडा) १एफई०० करा, म्हणजे २५५ सेक्टर. दोष डिस्कच्या सेटिंगचा असतो, वेगवान रॅममुळे तो फक्त उघडा पडतो. किकस्टार्ट ३.१ वर सगळी पार्टिशनं पहिल्या ४ जीबीच्या आतच ठेवा.

सकाळी चालू करताना डिस्क दिसत नाही आणि कंट्रोल-अमिगा-अमिगा केल्यावर दिसते? प्रोसेसर वेगाने पुढे जातो, सीएफ कार्ड तोवर जागं होत नाही. दुसऱ्या बनावटीचं सीएफ लावून बघा.

१९९० च्या आसपासचे गेम चालत नसतील तर आधी प्रोसेसरची कॅश बंद करा. ब्लिझार्ड १२३० हे कार्ड असेल तर रीसेटच्या वेळी २ ची कळ दाबून ठेवली की कार्डच बाजूला होतं.

आणि ज्यांना नुसतं वर्कबेंच जरा चपळ हवं आहे, त्यांनी ६८०६० मागे धावण्याआधी साधी ४ एमबी वेगवान रॅम (फक्त प्रोसेसरच्या वाट्याची) लावून बघावी. मूळ ६८ईसी०२० ला चिप रॅमची वाट बघावी लागते. ती वाट संपली की त्याच प्रोसेसरचा वेग जवळपास दुप्पट होतो, आणि जुना सप्लायही तेवढा भार पेलतो.