पद्मिनीचं पेडल खाली जातंय? आधी दोष शोधा, मग नाना पेठ गाठा

जुन्या पद्मिनीच्या किंवा अँबॅसेडरच्या ब्रेकचं काम निघालं की बरेचदा मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या भागाचं) किट, चारही चाकांचे लायनर (घासून चाक थांबवणारे थर) आणि ऑइल एकदमच बदललं जातं. खर्च होतो आणि गाडी तशीच एका बाजूला ओढत राहते, कारण दोष चाकाकडे ऑइल नेणाऱ्या रबरी होज पाइपच्या आत असतो. दोष नेमका कुठे आहे ते पेडल आणि चाकावरचा छोटा निपल (लाइनमधली हवा आणि ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) बहुतेक वेळा सांगतात. पुण्याच्या नाना पेठेतून स्पेअर आणायचे ते त्यानंतर.

एक गोष्ट मात्र आधी लक्षात घ्या. यातल्या बहुतेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना ब्रेक ऑइलची एकच लाइन असते. कुठेही गळती झाली तर चारही ब्रेक एकदम जातात. त्यामुळे पेडल नरम वाटत असेल तर ‘जरा चालवून बघू’ असं करू नका, तपासणी पार्किंगमध्येच करा.

सुरुवात ब्रेक ऑइलपासून. डब्यातली पातळी बघा. लायनर झिजतात तशी ती हळूहळू उतरतेच, पण आठवड्याभरात बोटभर उतरली तर गळती आहे. ऑइल चहासारखं काळपट झालं असेल तर ते जुनं आहे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीत हे जास्तच होतं. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उचलला जातो.

आता इंजिन बंद ठेवून पेडल दाबा. पहिल्या वेळी खोल जाऊन दोन-तीनदा पंप केल्यावर वर येत असेल, तर वर आलेलं पेडल पायाला कसं लागतं ते बघा. दगडासारखं घट्ट लागलं तर शू (लायनर बसवलेल्या पट्ट्या) ड्रमपासून (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी भांड्यापासून) लांब गेलेत, ॲडजस्टमेंट करा. स्पंजसारखं दबलं तर लाइनमध्ये हवा आहे. मग पेडल जोरात दाबून एक मिनिट धरून ठेवा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर चाकांच्या आतल्या बाजूला आणि पाइपच्या जोडांवर ओल शोधा. कुठेच ओल नाही, डब्यातली पातळीही उतरत नाही आणि तरी पेडल बसतंय, तर मास्टर सिलिंडरमधला रबरी वॉशर दाब सोडतोय.

सर्वांत जास्त चुका ब्रेक जाम होण्याच्या दोषात होतात, म्हणून हा भाग सावकाश करा. सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावून, एकेक चाक जॅकवर घ्या. मागचं चाक असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला हवा. डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरमुळे) थोडा जडपणा राहतोच, त्याला जाम समजू नका. पेडल दाबून सोडा आणि चाक हातानं फिरवा. फिरत नसेल तर त्या चाकाचा निपल अर्धा आटा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब लाइनमध्ये अडकला होता. नाही झालं, तर दोष त्या चाकातच आहे: व्हील सिलिंडरचा (शू बाहेर ढकलणाऱ्या भागाचा) पिस्टन गंजलाय, शूची स्प्रिंग मेलीय किंवा मागच्या चाकात हँडब्रेकची केबल अडकलीय.

दाब अडकला असेल तर निपल घट्ट करा, पुन्हा पेडल दाबून चाक जाम करा आणि या वेळी मास्टर सिलिंडरपाशी पाइपचा नट सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टरमध्ये आहे. पेडलला वरच्या बाजूला थोडी मोकळी चाल आहे ना ते आधी बघा. ती नसेल तर ऑइल परतण्याचं बारीक भोक झाकलेलं राहतं, आणि पेडल दाबाल तसतसे चारही ब्रेक आवळत जातात. तिथं नट सैल करूनही चाक सुटलं नाही, तर होज पाइप आतून फुगलाय. बाहेरून तो अगदी नवा दिसू शकतो. पुढच्या प्रत्येक चाकाला वेगळा होज असतो, मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच. त्यामुळे मागची दोन्ही चाकं एकदम धरत असतील तर संशय तिथंच घ्या. नट किंवा निपल सैल केला की शेवटी त्या लाइनमधली हवा काढायला विसरू नका.

ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढत असेल तर लोक डावं चाक उघडतात. आधी टायरची हवा तपासा. ती बरोबर असेल तर बहुधा डावं चाक ठीक काम करतंय आणि उजवं ढिलं पडलंय. उजवा ड्रम काढा. आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पुसा. लायनर ओला दिसला तर त्यातला थेंब पाण्याच्या वाटीत टाका. विरघळला तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर गळतोय. वर तरंगला तर ग्रीस किंवा गिअर ऑइल, म्हणजे चाकाचं ऑइल सील गेलंय. भिजलेला लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवू नका, आत मुरलेलं तेल गरम झालं की वर येतं. नवे लायनर डाव्या-उजव्या चाकांना जोडीनंच घाला. सिलिंडरचे रबर तर पेट्रोलनं फुगतात, ते फक्त ब्रेक ऑइलनं पुसा.

सिंहगड किंवा कात्रजचा घाट उतरतानाच त्रास होत असेल तर दोन गोष्टी वेगळ्या करा. पेडल घट्ट आहे, करपल्याचा वास येतोय, पण गाडी थांबत नाही: लायनर तापलेत. पेडलच एकदम नरम होऊन खाली गेलं: ऑइलमधल्या पाण्याची वाफ झालीय. नवं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. दोन्ही वेळा गाडी बाजूला घेऊन पूर्ण थंड होऊ द्या. पहिल्यावर उपाय म्हणजे घाट खालच्या गिअरमध्ये उतरणं. दुसऱ्यात पूर्ण लाइनमधलं ऑइल बदलल्याशिवाय ती गाडी पुन्हा घाटात नेऊ नका.