पिकअपवर ऑनिंग लावताय? आधी या चुका टाळा

दिवाळीचा सेल संपला की मला एकाच धाटणीचे फोन सुरू होतात. भाऊ, ऑनिंग मागवली, खोकं घरी येऊन पडलंय, आता गाडीवर लावायची कुठं ते सांगा. ऑनिंग म्हणजे गाडीच्या बाजूला वरती बसवायचं, सावलीसाठी उघडून परत गुंडाळायचं कापड. म्हणजे आधी खरेदी, मग मोजमाप. कापड किती मीटर उघडतं हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण ते कापड ज्याच्यावर लटकणार त्याच्याकडं कोणी बघत नाही. दर वर्षी तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे एक ब्रॅकेट केबिनवर आणि दुसरा मागच्या हौद्याच्या रॅकवर. डबल केबिन पिकअपचं छत आखूड असतं, वरचे दोन क्रॉसबार, म्हणजे छतावरच्या आडव्या दांड्या, जवळजवळ येतात आणि ऑनिंग मात्र अडीच मीटरची आणलेली. मग माणूस म्हणतो मागं रॅक आहेच की, दुसरं टोक तिथं टेकवू. दिसायला एकदम भक्कम दिसतं हो. पण पिकअप म्हणजे कार नाही ना बाप्पा! खाली लोखंडी चासी, तिच्यावर केबिन वेगळी बसवलेली, रबरी माउंटवर, आणि हौदा वेगळा. डांबरी रोडवर दोघं गुण्यागोविंदानं चालतात, पण एक चाक खड्ड्यात गेलं की चासी पिळते आणि केबिन एका अंगाला, हौदा दुसऱ्या अंगाला जातो. विश्वास नसेल तर पुढचं एक चाक शेताच्या धुऱ्यावर चढवा आणि केबिन-हौद्यामधली फट वरून खालपर्यंत बघा, सरळ दिसली तर मला सांगा.

ओळखीच्या एका माणसानं अशीच लावली होती. वेल्डिंगवाल्याकडून जाड पट्टीचे ब्रॅकेट बनवून घेतले, काळा रंग मारला, समृद्धीवर जोरात पळवून आणली, काहीच झालं नाही, त्यामुळं स्वारी खूष. मग आम्ही दोन गाड्या घेऊन देवलापारच्या पुढं एका ओळखीच्या शेतावर मुक्कामाला निघालो. कच्चा रस्ता लागला तशी वरून कुरकुर सुरू झाली. मी म्हटलं थांब, एक टोक सोड. पण नाही, यानं उतरून नट अजून आवळले, म्हणजे थोडंफार हलायला जी जागा होती तीसुद्धा बंद करून टाकली. पुढच्या नाल्यात गाडी आडवी उतरली आणि कडकन आवाज. ब्रॅकेटला काही झालं नाही, फाटला तो ऑनिंगचा अॅल्युमिनियमचा चॅनल, जिथं बोल्टचं डोकं सरकवतात बरोबर तिथून. आता अख्खी ऑनिंग पुढच्या एका ब्रॅकेटवर लटकली आणि मागच्या दरवाजाला अशी येऊन टेकली की आत बसलेला त्याचा साळा दुसऱ्या बाजूनं सरपटत बाहेर निघाला. ती सोडून हौद्यात दोरीनं बांधली आणि रात्र ताडपत्रीखाली काढली. तो माणूस आजही सांगत फिरतो की बोल्ट हलके निघाले.

तर अख्खी ऑनिंग केबिनवर लावा नाहीतर अख्खी हौद्यावर. मी हौद्याचा रॅकच पसंत करतो, तिथं बारमध्ये अंतर चांगलं मिळतं आणि मागचा दरवाजा पूर्ण उघडतो. केबिनवरच लावायची असेल तर लहान साईज घ्या, उगाच हौस नको. आणि घ्यायच्या आधी चारही दरवाजे उघडून टेप लावा, ब्रॅकेट खाली लोंबणारा असेल तर दरवाज्याची वरची कड त्यालाच घासते.

बाजू कोणती? आपल्याकडं डावी. रोडच्या कडेला थांबलात तर ट्रॅफिकच्या बाजूला बसून चहा पिणार का? व्हिडिओ बघून उजवीकडं लावणारे बहुतेक अमेरिकन व्हिडिओ बघतात, तिकडं गाड्या रोडच्या उजव्या अंगानं चालतात म्हणून ते उजवीकडं लावतात. २७० डिग्रीवाली पंख्यासारखी उघडणारी असेल तर डावी-उजवी वेगवेगळी येते, ऑर्डर करताना नीट वाचा, नंतर उलटवता येत नाही. सायलेन्सरचं तोंड कुठं आहे तेही बघून ठेवा.

वजनाचं म्हणाल तर साधी चौकोनी बरीच हलकी, पण २७० वाली वीस किलोच्या वर सहज जाते आणि ते सगळं वजन एकाच अंगाला. गाडीच्या मॅन्युअलमध्ये छतावर किती किलो चालतं ते चालत्या गाडीसाठी असतं, त्यात रॅकचं वजनही धरा. नवीन पोट्टे पहिलीच ऑनिंग २७० वाली घेऊन राहिले, का तर रीलमध्ये भारी दिसते. आधी एक सीझन नागपूरच्या इतवारी बाजारातली ताडपत्री आणि दोन बांबू घेऊन झोपा, मग कळेल किती सावली लागते ते.

छताला भोकं पाडू नका. पत्र्याला गंज आणि डोक्यावर थेंब, दोन्ही मिळतात.

नायलॉक नट वापरा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्यानं सहज ढिले न होणारे, साधे नकोत. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पाना घेऊन एकदा सगळे तपासा. मी प्रत्येक नटावरून ब्रॅकेटवर बायकोच्या नेलपॉलिशची एक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, लांबूनच कळतं.

ऑनिंगखाली स्टोव्ह पेटवायचा असेल तर कडेला, उघड्या बाजूला. सावजी मटणाच्या फोडणीची ज्वाळा आणि कोटिंगवालं कापड, अजून काय सांगू.

आता दुसरं दुखणं, पाणी आणि वारा. आपल्याकडं नवतप्यात दिवसभर ऊन भाजून काढतं आणि संध्याकाळी अचानक आभाळ काळं करून वावटळ येते. खिंडसी तलावाच्या काठावर लोक ऑनिंग सपाट ताणून, एकही दोरी न बांधता, खुर्च्या टाकून बसलेले मी बघतो. म्हणतात, पाय आहेत ना ऑनिंगला! अहो ते पाय कापड वर धरायला आहेत, खाली धरायला नाहीत. वारा खालून शिरला की पाच चौरस मीटरचं कापड उचललं जातं आणि सगळा झटका ब्रॅकेटवर. आणि पावसाचा हिशोब करा, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. कापडाच्या मधे मीटरभर जागेत दोन सेंटिमीटर डबकं साचलं की वीस किलो झाले, त्या वजनानं कापड अजून झोळ धरतं, मग अजून पाणी. पहिले आडवा पाइप वाकतो.

गल्लीतला मंडपवाला बघा, तो कधी कापड सपाट बांधतो का? एक पाय वीतभर खाली घ्या म्हणजे पाणी एका कोपऱ्यातून वाहतं. दोऱ्या दोन्ही कोपऱ्यांना, आभाळ निळंशार असलं तरी. मी गाडी लावली की पहिले दोऱ्या बांधतो, चहा नंतर, सोबतचे हसतात, हसू द्या. खुंट्यांचंही तसंच, ऑनिंगसोबत येणाऱ्या काडीसारख्या खुंट्या आपल्या काळ्या मातीत कामाच्या नाहीत. उन्हाळ्यात माती दगडासारखी, खुंटी वाकते, आणि भेगेत ठोकली तर लोण्यासारखी निघते. पावसात तर बोलायलाच नको. दीड फुटाची सळई कापून घ्या, तिरपी ठोका, आणि माती ओली असेल तर दोरी सरळ पाण्याच्या भरलेल्या कॅनला बांधा. रात्री झोपताना मात्र ऑनिंग गुंडाळायचीच, कितीही आळस आला तरी.

सकाळी दव किंवा पावसानं ओली असताना गुंडाळावी लागली तर घरी आल्यावर त्याच दिवशी उघडून वाळवा. उद्या बघू म्हणून तशीच पिशवीत राहिली की काळी बुरशी धरते, आणि ते डाग नंतर ब्रशनं घासून निघत नाहीत, उलट घासल्यानं आतलं कोटिंग निघतं आणि पुढच्या पावसात त्याच जागेवरून गळतं.