शेअर्सचे गट पाडायच्या आधी बोनस तपासा

ठाणे-नवी मुंबईच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला निफ्टी ५० चं क्लस्टरिंग, म्हणजे त्यातल्या शेअर्सचे सारखेपणावरून गट पाडणं, घेतलं असेल, तर गट पाडायची के-मीन्स पद्धत राहू द्या बाजूला. आधी डेटा बघा.

थेट भावांवर क्लस्टरिंग करूच नका. मारुतीचा शेअर हजारोंच्या घरात, आयटीसीचा काहीशे रुपयांत. गट धंद्यावर न पडता भावाच्या आकारावर पडतात. रोजच्या बंद भावांचा लॉग रिटर्न (आजचा भाव भागिले कालचा भाव, याचा नैसर्गिक लॉग) काढा. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं.

खरा दगा देतात ते बोनस (आहेत त्या शेअर्सवर फुकट मिळणारे नवे शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणं). घणसोलीत भलंमोठं संकुल असलेल्या रिलायन्सचंच घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये १:१ बोनस आला, आणि एनएसईच्या भावकॉपीत, म्हणजे रोजच्या भावांच्या फाइलीत, भाव एका दिवसात निम्मा झाला. भागधारकाचं काहीच गेलं नाही, पण तुमच्या तक्त्यात त्या दिवशी सुमारे −०.६९ लॉग रिटर्न येतो. आता हिशेब करा. एरवी रोजच्या रिटर्नचं स्टँडर्ड डेव्हिएशन (चढउताराचं माप) १.५ टक्के धरलं, तर २५० दिवसांतला हा एकच आकडा ते साडेचार टक्क्यांच्या वर नेतो. दुसऱ्या शेअरशी ०.५ असलेलं कोरिलेशन (दोन शेअर किती बरोबरीने हलतात याचं माप) ०.१६ च्या आसपास घसरतं, आणि रिलायन्स एकटाच वेगळ्या क्लस्टरमध्ये जाऊन बसतो. एररचा मेसेज येत नाही, डेंड्रोग्राम, म्हणजे गटांची झाडासारखी आकृती, तीही झकास दिसते. म्हणून ॲडजस्टेड, म्हणजे बोनस-स्प्लिटचा परिणाम काढून टाकलेले भाव घ्या, आणि त्यावरही डोळे झाकून विसंबू नका: रिटर्न १० टक्क्यांहून जास्त हललेला प्रत्येक दिवस कॉर्पोरेट ॲक्शनच्या (कंपनीच्या बोनस, स्प्लिटसारख्या निर्णयांच्या) यादीशी ताडून पाहा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. हे करायला लावणारा गाईड मिळाला तर त्याला सोडू नका. तयार नोटबुक हातात देणारे ढिगाने भेटतात.

सगळेच शेअर निफ्टीबरोबर हलतात, त्यामुळे एकच अगडबंब गट तयार होतो. प्रत्येक शेअरच्या रिटर्नचं निफ्टीच्या रिटर्नवर रिग्रेशन करा आणि उरलेले रेसिड्युअल, म्हणजे निफ्टीच्या हालचालीने न उलगडणारा भाग, वापरा. दोन शेअर्समधलं अंतर म्हणून २(१−कोरिलेशन) याचं वर्गमूळ चालतं. पायथनच्या साय-पाय लायब्ररीतल्या लिंकेज फंक्शनला या अंतरांची चौकोनी मॅट्रिक्स तशीच देऊ नका, ते मॅट्रिक्सच्या ओळींनाच डेटा समजतं; आधी ती स्क्वेअरफॉर्म फंक्शनमधून काढा.

टीसीएस, इन्फोसिस, विप्रो एकत्र आले की निर्धास्त व्हा, गाडी रुळावर आहे. सिल्हूएट स्कोअर (गट एकमेकांपासून किती स्पष्ट वेगळे आहेत याचं माप) कमी आला तरी घाबरू नका. रोजच्या रिटर्नमध्ये गोंगाटच फार असतो. मात्र कालावधीचे दोन भाग करून दोन्हींवर वेगवेगळं क्लस्टरिंग चालवा. ज्या जोड्या दोन्हीकडे टिकतात, रिपोर्टमध्ये दावा फक्त त्यांच्याबद्दल करा.