हिवाळी सहलीत फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवलाय? मग या चुका टाळा

डिसेंबरच्या सुट्टीत मनाली गाठायची, अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जायचं, आयुष्यात पहिल्यांदा पडणारा बर्फ पाहायचा. आणि घरी येऊन फोटो उघडले की काय दिसतं? पांढराफटक चेहरा, मागे काळाकुट्ट अंधार आणि चेहऱ्यावर चुन्याचे ठिपके उडाल्यासारखे पांढरे गोळे. आपण बर्फात उभे होतो की घराच्या गच्चीवर, तेही कळत नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हातात घेतला तरी हे होतं, कारण फ्लॅशची जागा बदलते पण आपली सवय तीच राहते. अंधार दिसला की तो घालवायचा. माझं म्हणणं एवढंच आहे की हिवाळ्यातली निळी सांज, धुकं, शेकोटीचा तांबूस उजेड हे बघायलाच आपण एवढ्या लांब गेलेलो असतो. फ्लॅशने ते पुसायचं नाही.

बर्फ पडताना लेन्सच्या शेजारून फ्लॅश मारणं

सगळ्यात जास्त फोटो याच चुकीने वाया जातात. ते पांढरे गोळे म्हणजे लेन्सजवळून पडणारे बर्फाचे कण. माणूस फ्लॅशपासून तीन मीटरवर आणि कण अर्ध्या मीटरवर असेल, तर कण सहापट जवळ झाला. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे त्या कणावर माणसाच्या ३६ पट उजेड पडतो. तो पांढरा होणारच, शिवाय फोकसच्या बाहेर असल्याने फुगलेला दिसणार.

फ्लॅश माणसाच्या मागे न्या. कोणाला तरी चारपाच पावलं मागे, थोडं बाजूला, चौकटीच्या बाहेर उभं करा आणि फ्लॅश माणसाच्या खांद्याकडे रोखायला सांगा. आता उजेड मागून येतो. प्रत्येक कण चमकतो, टोपीच्या लोकरीला आणि केसांना उजळ कड येते, तोंडातून निघणारी वाफसुद्धा दिसते. ही वाफ मला फार आवडते, थंडी फोटोत येते ती तिथेच. चेहरा अंधारात जाईल ही भीती असते, पण अजून थोडा संधिप्रकाश शिल्लक असला की पायाखालचा बर्फ तो खालून चेहऱ्यावर टाकतो. लेन्सला हूड मात्र लावा, नाहीतर मागचा फ्लॅश थेट काचेवर येऊन फोटो धुरकट होतो.

महाबळेश्वरला वेण्णा तलावावर पहाटेच्या धुक्यातही हाच नियम. समोरून फ्लॅश मारला की धुक्याची पांढरी भिंत उभी राहते, मागून मारला की धुक्यात माणसाभोवती तेज पसरतं.

शटरचा वेग विसरणं

वसईत नाताळाच्या दिवसांत घरासमोर चांदण्या टांगलेल्या असतात, अंगणात येशूजन्माचा गोठा मांडलेला असतो. तिथे आजीचा फोटो काढताना कॅमेरा १/२०० सेकंदावर ठेवला, तर आजी छान येतात, पण चांदण्या जेमतेम ठिपके होतात आणि गोठा काळोखात जातो.

एका फोटोत दोन उजेड असतात. फ्लॅशची चमक क्षणाचीही नसते, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं राहिलं तरी चेहऱ्यावरचा फ्लॅश वाढत नाही. चांदण्यांचा उजेड मात्र वाढत जातो. म्हणून आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो घ्या. आयएसओ ८००, एफ ४, शटर १/१५ अशी सुरुवात करून चांदण्या आणि गोठा मनासारखे दिसेपर्यंत फक्त शटर हलवा. मग फ्लॅश चालू करून १/३२ ताकदीपासून चेहरा जुळवा. आजींना फ्लॅश उडाल्यावरही क्षणभर हलू नका म्हणून सांगा. पोरं धावत असतील तर फ्लॅश शटर बंद होताना उडेल अशी मागच्या पडद्याची सोय (रिअर कर्टन सिंक) कॅमेऱ्यात शोधा, म्हणजे उजेडाची रेघ पोरांच्या मागे राहते, पुढे नाही.

फ्लॅशला रंग न देणं

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड तांबूस. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, साधारण ५५०० केल्विन. पिवळा बल्ब २७०० ते ३०००, शेकोटी त्याहून खाली. सगळे शेकोटीभोवती तांबूस न्हालेले आणि एकच चेहरा निळसर पांढरा, हा फोटो प्रत्येकाच्या अल्बममध्ये आहे. फ्लॅशच्या तोंडावर सीटीओ जेल, म्हणजे नारिंगी पारदर्शक तुकडा लावा, रबरबँडनेही बसतो. फ्लॅश डोक्यावर धरू नका, शेकोटीचा उजेड खालून येतो. आगीच्या बाजूलाच, झळ लागणार नाही इतक्या अंतरावर, जमिनीलगत ठेवा. पूर्ण सीटीओ साधारण एका स्टॉपपर्यंत उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), तेवढी ताकद वाढवा.

हाच जेल संध्याकाळी बर्फात लावून कॅमेऱ्यातली रंग जुळवणारी व्हाइट बॅलन्स सेटिंग ३२०० केल्विनला आणा. चेहरा नैसर्गिक राहतो, आकाश आणि बर्फ गडद निळे होतात.

बर्फात टीटीएलवर विसंबणं

टीटीएल म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं. समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धरून चालतो. पांढरा बर्फ पाहिला की तो उजेड कमी करतो, बर्फ मळका दिसतो आणि चेहरा काळवंडतो. एक ते दीड स्टॉप वाढवून बघा. मला तर ताकद हातानेच ठरवणं बरं वाटतं. त्यात अडचण एकच, फ्लॅश धरणारा हळूहळू पुढे सरकतो. दोन मीटरवरून दीडवर आला की उजेड पावणेदोन पट. त्यावर फ्लॅशला दोन मीटर सुतळी बांधा. दर फोटोआधी ती ताणून माणसाच्या खांद्याला टेकवायची, मग सोडायची.

बाकीच्या अडचणी

फोटोच्या एका कडेला काळा पट्टा आला, तर शटर सिंक वेगाच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वात जास्त वेगाच्या, पुढे गेलंय. बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/२०० किंवा १/२५० असतो. फ्लॅश उडतच नसेल तर आधी कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरवर (फ्लॅशला दुरून उडवणाऱ्या यंत्रावर) आणि फ्लॅशवर चॅनल आणि ग्रुप एकच आहेत का पाहा, मग फ्लॅश झोपेत गेलाय का ते. डोंगरातल्या वाऱ्यात स्टँडवर छत्री लावू नका, ती शिडासारखी वारा धरते आणि फ्लॅश तोंडावर पडतो. माणसाच्या हातातच बरा.

साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात. निकेल मेटल हायड्राइडचे चार्जिंगचे सेल न्या, जादा चार आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा. बॅटऱ्या लिथियमच्या असतील तर विमानात जादाच्या केबिन बॅगेतच.

आणि हॉटेलच्या गरम खोलीत शिरण्याआधी, बाहेर थंडीतच, कॅमेरा आणि फ्लॅश झिपच्या पिशवीत बंद करा. नाहीतर खोलीतली दमट हवा गार काचेवर आणि आत पाणी होऊन बसते. पिशवी तासदोन तास उघडायची नाही. फोटो बघायची घाई सगळ्यांनाच असते, म्हणून मेमरी कार्ड आधीच काढून खिशात टाका.